वायव्येच्या शेतातला आवाज

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी प्रार्थनासभेत माझ्या बायकोनं हात वर केला आणि म्हणाली, "अबोल."

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडून सगळे गोल बसतात आणि जो तो आपापली विनंती सांगतो. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाची गाय गाभण राहत नाही. अल्माकाकू डर्कसन सगळं पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतात आणि गुरुवारी सकाळी त्याची यादी घरोघर जाते. ज्याला सांगायचं नसतं त्यानं हात वर करून नुसतं 'अबोल' म्हणायचं. कारण देवाला ठाऊक आहे असं धरून बाकीच्यांनी प्रार्थना करायची आणि विचारायचं नाही. हा न विचारण्याचा नियम आमच्याकडे दहा आज्ञांच्या खालोखाल पाळला जातो. तर्क करायला मात्र कुठंच मनाई नाही. त्यामुळं ज्याचा गुडघा दुखतो त्याला लोक शुक्रवारपर्यंत विसरतात आणि ज्याचं अबोल असतं त्याच्यावर तर्क लढवण्यात महिना घालवतात.

लीटानं मला आधी चकार शब्द सांगितला नव्हता. अकरा वर्षांचा संसार, आणि मला बाकीच्या बावीस माणसांबरोबर कळलं की हिच्या पोटात काहीतरी आहे जे ओठांवर येत नाही. अल्माकाकूंनी पेन्सिल थुंकीनं ओली केली, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि लिहून घेतलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"कशाचं काय?"

"ते अबोल."

"अबोल म्हणजे अबोल, वेन्डल. सांगायचं असतं तर बोलले नसते का?"

"मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर गाडी चालवायला दिलीय," ती म्हणाली आणि तिनं खिडकीची काच खाली केली. घरापर्यंत नुसता वारा आत येत राहिला.

मी शेतीची यंत्रं दुरुस्त करतो, आणि माझा धंदाच संशयाचा आहे. मालक सांगतो पट्टा गेलाय. पट्ट्याला काही झालेलं नसतं, बेअरिंग गेलेलं असतं, आणि दोन वर्षं त्यात ग्रीस घातलेलं नाही हे मालक सांगत नाही. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस एक बोलला की मी दुसरंच शोधायला लागतो. लीटा माझ्या अगदी उलट. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. पेशंट म्हणतो, मी रोज दातांतून दोरा फिरवतो, हिरड्यांतून रक्त येत असतं, आणि ही म्हणते, "छान, आणखी जरा वेळ फिरवत जा." तो खोटं बोलत असेल असं तिच्या मनातच येत नाही. मी बाहेरून येऊन सांगितलं की अंगणात रानटर्की आलेत, तर ही वर न बघता विचारते, "हो का? किती?"

अशा बाईनं काही लपवायला घेतलं, म्हणजे ते साधं नसणार.

ऑगस्टच्या वीस तारखेला आम्ही झांबियाला निघणार होतो. आमच्या सेवामंडळाची वर्षभराची इंटर्नशिप होती, म्हणजे एक प्रकारची उमेदवारीच. मिशनच्या दवाखान्यातले जनरेटर आणि पाण्याचे पंप मी बघायचे, लीटानं शाळाशाळांत जाऊन मुलांना दात घासायला शिकवायचं, आणि वर्ष नीट गेलं तर पुढंही तिथंच राहायचं. हे स्वप्न तिचं. ती पंधरा वर्षांची असताना आफ्रिकेतून आलेल्या एका नर्सबाईनं चर्चमध्ये चित्रं दाखवली होती आणि त्याच रात्री हिनं आईला सांगितलं होतं की मीही जाणार. लग्नाची मागणी घालायला मी गेलो तेव्हा 'हो' म्हणायच्या आधी तिनं मला हे ऐकवलं होतं. मी म्हटलं, जाऊ की. तेव्हा मी काहीही कबूल केलं असतं.

अर्जातला नववा प्रश्न मात्र नडला. 'देवानं तुम्हाला या कार्यासाठी कसं बोलावलं ते लिहा.' याला आमच्याकडे पाचारण म्हणतात, आणि नवरा-बायको दोघांना ते वेगवेगळं असावं लागतं. बायको निघालीय म्हणून मी निघालोय, असं लिहायची सोय नव्हती. मी तीन संध्याकाळी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो आणि चौथ्या संध्याकाळी हार्वेस्टरची गोष्ट लिहिली.

घडलं होतं ते असं. आदल्या जूनमध्ये, कापणीची ऐन घाई चालू असताना, माझा भाऊ गेलन याच्या वायव्येकडच्या शेतात मी हार्वेस्टर चालवत होतो आणि तो मध्येच बंद पडला. डिझेल संपलं होतं. टाकीचा काटा महिनाभर अडकलेला होता आणि तो मीच दुरुस्त करायचा होता. सकाळी निघताना लीटानं विचारलंही होतं, "टाकी बघितलीस का?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो होतो. अख्ख्या तालुक्याची यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री डिझेलवाचून गव्हात उभा! गेलन दोन डबे घेऊन आला, पोट धरून हसला, आणि कुणाला सांगणार नाही असं त्यानं कबूल केलं. तो येईपर्यंतची वीस मिनिटं मी गव्हात बसून घाम पुसत होतो. वारा होता. बस्स, एवढंच.

मी लिहिलं, 'यंत्र अचानक थांबलं आणि त्या शांततेत मला जाणवलं की मी जायला हवं.' लिहिताना ते फार खोटं वाटलं नाही. यंत्र थांबलं होतं हे खरं, शांतता होती हेही खरं. मधली एक ओळ तेवढी माझी.

पण अर्ज मंजूर झाल्यावर ते आसपासच्या चर्चमध्ये उभं राहून सांगावं लागलं. निघायच्या आधी ज्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करायची, त्यांना आपली साक्ष ऐकवायची असते. पहिल्या चर्चमध्ये मला 'जाणवलं' होतं. तिसऱ्या चर्चमध्ये 'कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं'. पाचव्या चर्चमध्ये देवानं माझं नाव घेतलं, "वेन्डल, जा." पहिल्या रांगेतली एक म्हातारी रडली. तिला रडताना बघून माझा गळा दाटला, आणि माझा गळा दाटलेला बघून आणखी चौघं रडली. लीटा शेजारच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून माझ्याकडे टक लावून बघत असायची. तिच्या नजरेत जे होतं त्याला मी कौतुक समजत होतो.

आमच्या स्वतःच्या चर्चमध्ये सांगून झालं, तेव्हा गेलन झ्वीबाक पावाला लोणी लावता लावता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "झकास जमलीय गोष्ट. माझे दोन डबे तेवढे राहिले बघ त्यात."

"गप रे."

"मी गपच आहे. पुढच्या वेळी मला देवदूत तरी कर."

आणि मग हे अबोल सुरू झालं. पहिल्या बुधवारी, दुसऱ्या बुधवारी, तिसऱ्या बुधवारी. यादीत छापून यायचं, 'लीटा श्राग: अबोल', आणि आमच्या बायकांनी आपापला निकाल लावून टाकला. चर्चमध्ये लीटानं खुर्ची उचलली की दोघी धावत यायच्या. "राहू दे गं, तू नको उचलूस." तिच्या ताटात कुणीतरी न विचारता दुसरा हॅमचा तुकडा ठेवायचं.

अल्माकाकूंनी मला पायऱ्यांवर गाठलं. "वेन्डल, मी विचारत नाहीये हं."

"हो काकू."

"विचारायचं नसतंच मुळी."

"नाही ना."

"एवढंच सांग, लोकर पांढरी घेऊ की पिवळी?"

"झांबियात लोकर लागत नाही, काकू," मी म्हटलं, पण मनातून मी तो हिशेब आधीच करून टाकला होता. तिला दिवस गेलेले नव्हते. मार्चमध्ये पिवळ्या तापाची लस टोचायच्या आधी नर्सनं तपासून घेतलं होतं. आजारही नव्हता, दोघांचे वैद्यकीय कागद स्वच्छ आले होते. यंत्र खोललं की एकेक भाग बाजूला ठेवत जायचं, शेवटी उरतो तो बिघाड. माझ्यापुढं तीन उरले. एक तर तिला जायचंच नाही. नाहीतर तिला माझी गोष्ट खोटी आहे हे कळलंय. नाहीतर मधे दुसरं कुणीतरी आहे.

मग मी बघायला लागलो, आणि बघायला लागलं की दिसायला लागतं.

सामानाची गोष्ट घ्या. विमानात माणशी पन्नास पौंडांच्या दोन बॅगा नेता येतात. न्हाणीघरातला वजनकाटा आम्ही बैठकीत आणून ठेवला होता. लीटानं माझ्या बॅगा एप्रिलमध्येच भरून टाकल्या. शर्ट, नट-बोल्टचे पाने, जादाचा चष्मा, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या, आणि प्रत्येक गोष्ट कुठं ठेवलीय त्याची झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी. प्रत्येकी एकोणपन्नास पौंड, अगदी काटेकोर. तिच्या बॅगा मात्र भिंतीशी रिकाम्या उभ्या. एकीत फक्त एक टॉवेल.

"तुझं कधी?" मी विचारलं.

"आहे की वेळ."

"माझं बरं घाईघाईनं भरलंस."

"तुला नंतर काही सापडत नाही म्हणून," ती म्हणाली आणि माझ्या मोज्यांच्या जोड्या लावायला लागली.

मग ते पाकीट. पाचारण अजून पक्कं आहे ना, हे विचारणारा सेवामंडळाचा शेवटचा कागद आला होता. दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकमेकांना दाखवायचा नाही, आणि मेअखेर पोचवायचा. दोन्ही पाकिटं आल्याशिवाय तिकीट निघत नाही. मी माझं दहा मिनिटांत भरून टपालात टाकलं. खोट्याला वेळ लागत नाही. लीटाचं पाकीट ताटं पुसायच्या फडक्यांखाली खणात पडून होतं. रोज सकाळी कॉफी होईस्तोवर मी खण उघडून बघायचो. एक दिवस बघितलंच आत. बघायचं नसतं हे मला ठाऊक आहे. वर तिचं नाव आणि जन्मतारीख, खाली सगळं कोरं.

आता मला गेलनचा संशय आला. त्यानंच तोंड उघडलं असणार. खोटारड्या नवऱ्याबरोबर कोण समुद्रापार जाईल? मी त्याच्या खळ्यावर गेलो. तो ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता.

"लीटाला काय सांगितलंस?"

"कशाबद्दल?"

"तुला माहितीय कशाबद्दल. डबे."

तो बाहेर सरकला, हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. "मी एक अक्षर बोललो नाही. चोराच्या मनात चांदणं, वेन्डल."

"मग तिचं काय चाललंय?"

"तिलाच विचार ना." पण हे म्हणताना त्यानं मान वळवली. गेलनला खोटं बोलता येत नाही. लहानपणीसुद्धा बरणीतली बिस्किटं मी खायचो आणि चेहरा त्याचा पडायचा.

घरी येऊन मी तिच्या गाडीचा मैलांचा आकडा वाचला. गुरुवारी दुपारी ती चर्चच्या तळघरात बायकांबरोबर गोधडी शिवायला जाते. जाऊन-येऊन आठ मैल होतात. पुढच्या गुरुवारी मी आधी आणि नंतर आकडा लिहून ठेवला. एकोणीस मैल. अकरा मैल जास्त. चर्चपासून गेलनच्या त्या वायव्येच्या शेतापर्यंत जाऊन आलं की बरोब्बर अकराच भरतात. गेलनचं लग्न झालेलं नाही. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण आलं होतं हे खरं. दोन रात्री मी तिच्याकडे पाठ करून झोपलो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी दुकान तीनलाच बंद केलं. शेताच्या बांधाला सीडरच्या झाडांची रांग आहे, तिच्याआड पिकअप लावला आणि वाट बघत बसलो. चार वाजायला दहा मिनिटं असताना तिची निळी गाडी आली. ती उतरली आणि गव्हात शिरली. गहू गुडघ्याला लागेल एवढा वाढला होता, हिरवागार. विजेच्या खांबाच्या सरळ रेषेत पावलं मोजल्यासारखी चालत ती शेताच्या मध्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. हात कोटाच्या खिशात, मान जराशी वर, डोळे मिटलेले.

मी दहा मिनिटं थांबलो, कुणीतरी येईल म्हणून. गेलनच्या गाडीची धूळ दिसते का म्हणून मी रस्त्याकडेच बघत होतो. कुणी आलं नाही. ती तशीच उभी. शेवटी मीच उतरलो.

"लीटा."

ती दचकली. मला बघून तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव आले.

"तू इथं कसा?"

"तेच मी तुला विचारतोय. गोधडी आजकाल गव्हात शिवतात का?"

तिनं पायाखालच्या गव्हाकडे बघितलं. मग म्हणाली, "हीच ना ती जागा?"

"कुठली?"

"हार्वेस्टर थांबला ती. मी गेलनला विचारलं होतं. त्यानं खांबापासून खूण दाखवली. तो हसला नाही की काही नाही. मला वाटलं, त्यालाही भरून आलं."

मी खांबाकडे बघितलं.

"सहावा गुरुवार आहे हा," ती म्हणाली. "येते, अर्धा तास उभी राहते, जाते. काहीच ऐकू येत नाही, वेन्डल. वारा येतो ऐकू. एकदा कुत्रं भुंकलं."

"तू... ऐकायला येतेस?"

"मग काय करू? पंधराव्या वर्षी माझं काय झालं होतं सांगू तुला? ती नर्सबाई पांढरे बूट घालून आली होती. मला ते बूट आवडले. मी आईला म्हटलं, मी पण जाणार. आई म्हणाली, अगं, हे पाचारण! पाळक म्हणाले पाचारण, मग मीही म्हणायला लागले. सोळा वर्षं म्हणतेय. आणि तुला? तुला नाव घेऊन हाक मारली. साध्या कामातून, काही न मागता. प्रत्येक चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसून मी ऐकते आणि मनात म्हणते, याला खरंच बोलावलंय. मी नुसती हौसेनं निघालेय."

"म्हणून ते अबोल?"

"उघड काय सांगणार? मिशनवर निघालेली बाई म्हणते, देव माझ्याशी बोलत नाही?" तिनं नाक पुसलं. "मी सेवामंडळाला फोन केला होता. म्हटलं, नवऱ्याला एकट्याला पाठवता येईल का. ते म्हणाले, विचार करू. म्हणून तुझ्या बॅगा आधी भरल्या. माझ्यामुळं तुझं अडायला नको."

मी तिच्या गाडीचे मैल मोजत होतो आणि ती माझ्या मोज्यांच्या जोड्या लावत होती, मला एकट्याला पाठवायला. तिथंच जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आणि अशा वेळी मी काय म्हणालो? तेही सांगतो, कारण लपवून आता काय करायचंय. मी म्हणालो, "जरा वारा पडावा लागतो आधी."

तिनं मान हलवली. डोळे मिटले. आणि खरोखरच वारा पडायची वाट बघायला लागली. तिच्या पापण्या थरथरत होत्या. हात तिनं खिशातून काढून पुढं धरले होते, पाहुण्यांना वाढायला बोलावतील म्हणून थांबलेल्या मुलीसारखे. एक मिनिट गेलं असेल. मला ते बघवेना.

"डिझेल संपलं होतं, लीटा."

तिनं डोळे उघडले. "काय?"

"हार्वेस्टरचं डिझेल संपलं होतं. म्हणून तो थांबला. गेलननं डबे आणले."

"आणि आवाज?"

"नव्हता."

"'वेन्डल, जा'?"

"ते पाचव्या चर्चमध्ये सुचलं."

 मग ज्याची मी कल्पनाही केली नव्हती ते तिनं धरलं. "त्या दिवशी सकाळी मी तुला विचारलं होतं. टाकी बघितलीस का."

"हो."

"तू हो म्हणालास."

"हो."

"आणि आत्ता म्हणालास, वारा पडावा लागतो." ती रडली नाही, ओरडलीही नाही. दोन मुस्काटात मारल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. गाडीकडे जाताना ती एकदाच वळली. "माझ्या मनात एकदाही आलं नाही, वेन्डल. सहा महिन्यांत एकदाही."

त्यानंतरचे सहा दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दवाखान्याचा फोन होता, दार लाव. मी सेवामंडळाला पत्र लिहिलं, पाच वेळा फाडलं, सहाव्यांदा पाठवलं. पण पत्र लिहिणं सोपं. कागद काही तोंडाकडे बघत नाही. बुधवारी तळघरात बसल्यावर अल्माकाकू पेन्सिल घेऊन माझ्यापाशी आल्या तेव्हा मी हात वर केला.

"अबोल?" त्यांनी आशेनं विचारलं.

"नाही काकू. बोलतो."

आणि बोललो. अडकलेला काटा, दोन डबे, आणि प्रत्येक चर्चमध्ये वाढत गेलेला शब्द. 'डिझेल' म्हटल्यावर मागून कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकायला लागलं. नंतर कुणीच हसलं नाही. गेलन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पाळकांनी चष्मा काढून हातात धरला. माझ्या गोष्टीवर यांच्यातल्याही कितीजणींनी डोळे पुसले होते, ते मला तेव्हा एकेका चेहऱ्यावरून मोजता आलं.

"हे लिहू कसं?" अल्माकाकूंनी विचारलं.

"आहे तसं."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग पान उलटून त्यांनी लीटाकडे बघितलं. "आणि तुझं अबोल? तसंच ठेवू?"

लीटा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. "खोडा ते, काकू," ती म्हणाली. "त्याऐवजी लिहा, आम्हा दोघांनाही काही ऐकू आलेलं नाही. तरी जावं का, एवढं विचारा."

त्या रात्री घरी येताना गाडी तिनं चालवली.

जूनच्या सुरुवातीला सेवामंडळाचं उत्तर आलं. ऑगस्टचं जाणं रद्द. ऑक्टोबरमध्ये दोघांनी समोर येऊन बसायचं, मग जानेवारीचं ठरवू. दार लावलं नव्हतं, नुसतं ओढून घेतलं होतं. कागद पुन्हा भरायचे होते. लीटानं तिचा त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला आणि पाकीट चिकटवलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आता आग्रह करायची सोय राहिलेली नाही.

तिच्या एका बॅगेत हळूहळू सामान दिसायला लागलं. आधी चपला, मग मुलांना दाखवायचा तो दातांचा मोठा प्लॅस्टिकचा जबडा. आम्ही पुन्हा एकत्र जेवायला लागलो. एकदा तर तिनं कॉफी ओतता ओतता विचारलं, "मिस्त्री, गाडीत पेट्रोल आहे ना?" आणि आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं, चला, सुटलो.

मग परवाचा शनिवार. सकाळची वेळ, ती टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होती, मी खिडकीपाशी उभा होतो. मागच्या कुंपणाशी गवतात एक हरण आलं होतं, कान टवकारून.

"लीटा," मी म्हटलं, "कुंपणाशी हरण आलंय."

पूर्वी ती वर न बघता म्हणाली असती, "हो का?" आणि पान उलटलं असतं. या वेळी तिनं कप खाली ठेवला. खुर्ची मागं सरकवली, उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि काचेतून बाहेर बघितलं.

नशीब माझं, हरण अजून तिथंच होतं.